मेंदूत बसवण्याच्या उत्तेजक यंत्रांचा बाजार: नव्या गुंतवणूकदारासाठी पायरी-पायरीने

मेंदूत बसवण्याच्या यंत्रांच्या बातम्या हल्ली इतक्या येतात, की हा धंदा चार-पाच वर्षांपूर्वीच सुरू झाला असावा असं नवख्याला वाटतं. तो बराच जुना आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मेंदूतल्या थॅलॅमस या भागात बारीक तार सोडली, तिच्यातून सतत विजेचे सूक्ष्म ठोके दिले आणि रुग्णाच्या हाताचा कंप शमला. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या एफडीए या अमेरिकी सरकारी संस्थेने १९९७ मध्ये या उपचाराला कंपासाठी मान्यता दिली आणि २००२ मध्ये पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराच्या इतर लक्षणांसाठीही. तेव्हापासून जगभरात दीड लाखाहून अधिक लोकांच्या मेंदूत अशा तारा बसवल्या गेल्या आहेत.

आता दुसरा आकडा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात पार्किन्सन्सचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. प्रत्येकाला हा उपचार लागू पडत नाही, हे खरं. पण लागू पडणाऱ्यांपैकीही फार थोड्यांपर्यंत तो पोचला आहे. उपचार सिद्ध आहे, मान्यता आहे, तीन बड्या कंपन्या तो विकत आहेत, तरीही ही दरी भरलेली नाही. ती का भरली नाही हे समजून घेणं म्हणजेच हा बाजार समजून घेणं. खालच्या पायऱ्या त्याच प्रश्नाच्या मागे जातात. कुठला शेअर घ्या किंवा विका, हे इथे सांगितलेलं नाही.

पायरी १: नेमकं काय विकलं जातंय ते ओळखा

‘ब्रेन इम्प्लांट’ या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू येतात आणि त्यांची आर्थिक गणितंही वेगळी आहेत.

पहिली डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूत खोलवर एक किंवा दोन तारा, मानेतून कातडीखालून जाणारी जोडतार आणि छातीत बसवलेलं बॅटरीचं यंत्र. रचना हृदयाच्या पेसमेकरसारखी, त्यामुळे याला ‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणतात. दुसरी आरएनएस: हे यंत्र थेट कवटीच्या हाडात बसतं, मेंदूतल्या विद्युतलहरी सतत वाचतं आणि अपस्माराचा झटका सुरू होण्याची खूण दिसली तरच ठोका देतं. तिसरी व्हीएनएस: तिची तार मानेतल्या व्हेगस नसेभोवती असते. मेंदूला हातच लावलेला नसतो, तरी बाजाराच्या अहवालांत ती याच गटात मोजली जाते. चौथी वस्तू म्हणजे ब्रेन-कम्प्युटर इंटरफेस, ज्यामुळे न्यूरालिंक आणि सिंक्रॉन ही नावं सगळ्यांच्या तोंडी आली. हातपाय न चालणाऱ्या माणसाचा हेतू मेंदूतून वाचून संगणक चालवणं हे तिचं काम. म्हणजे आज ती मुख्यतः वाचणारी यंत्रं आहेत, उत्तेजना देणारी नव्हेत.

हा फरक सांगायचं कारण असं, की एकाच वर्षासाठी बाजाराचा आकार सांगणारे दोन अहवाल कित्येक पटींनी वेगळे आकडे देतात. एकाने फक्त डीबीएस मोजलेलं असतं, तर दुसऱ्याने पाठदुखीसाठी मणक्यात बसवायची यंत्रं, मूत्राशयाची यंत्रं, कधी कधी कानातलं कॉक्लिअर इम्प्लांटसुद्धा धरलेलं असतं. मणक्याच्या यंत्रांचा बाजार डीबीएसपेक्षा मोठा आहे, त्यामुळे तो मिसळला की चित्र एकदम फुगतं. अहवालात वाढीची टक्केवारी वाचण्याआधी व्याख्येचं पान उघडा. व्याख्या दिलेली नसेल तर तो अहवाल बाजूला ठेवलेला बरा.

पायरी २: खेळाडू कोण आणि त्यांचे शेअर म्हणजे नक्की काय

डीबीएसमध्ये अमेरिकी बाजारात अनेक वर्षं मेडट्रॉनिक एकटीच होती. २०१५ मध्ये सेंट ज्यूड मेडिकलच्या यंत्राला मान्यता मिळाली, २०१७ च्या सुरुवातीला ती कंपनी ॲबटने विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी बोस्टन सायंटिफिकच्या यंत्रालाही मान्यता मिळाली. तिघींचेही शेअर सहज घेता येतात. पण ते घेऊन तुम्ही डीबीएसमध्ये फारसे उतरत नाही. मेडट्रॉनिकची २०२५ च्या आर्थिक वर्षातली विक्री सुमारे साडेतेहतीस अब्ज डॉलर होती. तिचा न्यूरोसायन्स विभाग मोठा दिसतो, पण त्यातही मणक्याच्या शस्त्रक्रियेचं सामान आणि इतर बरंच काही आहे. मेंदूची यंत्रं हा त्यातला एक छोटा तुकडा. डीबीएस दुप्पट विकलं गेलं तरी या शेअरची किंमत हृदयाच्या यंत्रांवरच हलेल.

लिव्हानोव्हा ही सायबरॉनिक्स आणि सोरिन यांच्या विलीनीकरणातून २०१५ मध्ये झाली. व्हीएनएस तिचं, पण अर्ध्याहून अधिक विक्री हृदय-फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेतल्या यंत्रांची. शुद्ध म्हणावी, म्हणजे मुख्यतः याच धंद्यात असलेली नोंदणीकृत कंपनी म्हणजे न्यूरोपेस. आरएनएस तिचंच, मान्यता २०१३ ची, शेअर बाजारात २०२१ पासून. २०२४ मध्ये तिची विक्री सुमारे ८ कोटी डॉलर होती आणि ती अजून तोट्यात होती. मेडट्रॉनिकच्या शेजारी हा आकडा ठेवला की इथली निवड कळते: एकतर मोठ्या कंपनीत पातळ हिस्सा, नाहीतर छोट्या कंपनीत सगळी जोखीम.

न्यूरालिंकचा शेअर खुल्या बाजारात मिळत नाही, ती कंपनी खासगी भांडवलावर चालते. तिच्या नावाने कुणी काही विकत असेल तर आधी तो कागद नेमका कशाचा हक्क देतो ते तपासा. युरोपात इटलीची न्यूरोनिका आणि स्वित्झर्लंडची अलेवा या छोट्या खासगी कंपन्या आहेत. चीनमध्ये पिन्स आणि सीनरे स्वतःची डीबीएस यंत्रं बनवतात. या चिनी यंत्रांकडे बहुतेक अहवाल एका ओळीत पाहून पुढे जातात. किमतीच्या स्पर्धेत त्यांना इतकं हलक्यात घेणं मला पटत नाही.

पायरी ३: मान्यतेचा प्रकार वाचायला शिका

‘एफडीएची मान्यता’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपतात. पूर्ण मान्यता, म्हणजे पीएमए: उपयोग आणि सुरक्षितता दोन्ही चाचणीतून दाखवाव्या लागतात. मर्यादित मान्यता, म्हणजे एचडीई: वर्षाला ८,००० पेक्षा जास्त रुग्ण नसलेल्या आजारासाठी, जिथे उपयोगाचा पूर्ण पुरावा मागत नाहीत, पण नफ्यावर सहसा बंधन येतं. डिस्टोनियासाठी (स्नायू आपोआप पिळवटण्याचा आजार) २००३ मध्ये आणि मंत्रचळेपणासाठी (ओसीडी) २००९ मध्ये डीबीएसला मिळालेली परवानगी या प्रकारची होती. आणि तिसरं ‘ब्रेकथ्रू’ पद: ही मान्यताच नव्हे, फक्त एफडीएशी लवकर आणि वारंवार बोलण्याची सोय. बातमीत ‘ब्रेकथ्रू’ वाचून शेअर उसळला तर समजा, की अनेकांनी हा फरक पाहिलेला नाही.

पायरी ४: पैसे कोण देणार, ते आधी शोधा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीवर घालवा.

यंत्र, शस्त्रक्रिया, इस्पितळ, पुढची वर्षानुवर्षांची जुळवाजुळव, हा खर्च रुग्ण स्वतः क्वचितच देऊ शकतो. सरकारी योजना किंवा विमा कंपनी देते. त्यामुळे या बाजाराची खरी किल्ली त्यांच्या हातात असते. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने पार्किन्सन्स आणि कंपासाठी डीबीएसचा खर्च उचलायचा निर्णय २००३ मध्ये घेतला आणि उपचाराला स्थिर पाया मिळाला. याच्या अगदी उलट गोष्ट व्हीएनएसची. अपस्मारासाठी त्याला १९९७ पासून मान्यता होती. २००५ मध्ये एफडीएने औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठीही मान्यता दिली. नैराश्याचे रुग्ण अपस्माराच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तेव्हा व्हीएनएस बनवणाऱ्या सायबरॉनिक्सचं भवितव्य एकदम उजळलं असं गुंतवणूकदारांना वाटलं. २००७ मध्ये मेडिकेअरने नैराश्यासाठी पैसे द्यायला नकार दिला. कागदावर मान्यता कायम राहिली, पण बाजार उघडलाच नाही. पुढे २०१९ मध्ये मेडिकेअरने दार किंचित किलकिलं केलं: अभ्यासात सहभागी होणाऱ्या रुग्णांचा खर्च देऊ, पुरावा आणा. त्यातून रिकव्हर नावाची मोठी चाचणी झाली. तिच्या सुमारे ५०० रुग्णांच्या पहिल्या गटात मुख्य निकष साध्य झाला नाही, काही दुय्यम निकषांवर मात्र फायदा दिसला, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. मान्यता मिळाल्यापासून जवळपास वीस वर्षांनीही प्रश्न तोच: पैसे कोण देणार?

म्हणून कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘रिइम्बर्समेंट’, म्हणजे खर्चाच्या भरपाईचा भाग आधी वाचा आणि नव्या तंत्रज्ञानाची पानं नंतर. कुठल्या आजारासाठी, कुठल्या देशात, कोण पैसे देतं आणि अटी कोणत्या, हे तिथे लिहिलेलं असतं. तिथली भाषा गुळगुळीत वाटली तर तो स्वतःच एक इशारा आहे.

पायरी ५: चाचणीचा निकाल कसा वाचायचा

मेंदूच्या यंत्रांच्या धंद्यात गुंतवणूकदारांना सर्वाधिक फसवलं आहे ते छोट्या, आशादायक, तुलनागट नसलेल्या अभ्यासांनी. सिॲटलची नॉर्थस्टार न्यूरोसायन्स ही कंपनी पक्षाघातानंतर हाताची हालचाल सुधारण्यासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर उत्तेजना देत होती. सुरुवातीचे अभ्यास उत्साहवर्धक होते, कंपनी शेअर बाजारातही आली. २००८ च्या जानेवारीत तिच्या एव्हरेस्ट या मोठ्या चाचणीचा मुख्य निकष फसला आणि २००९ मध्ये कंपनी गुंडाळली गेली.

नैराश्यासाठी डीबीएसचं तेच झालं, फक्त अधिक गुंतागुंतीच्या रीतीने. सेंट ज्यूडच्या ब्रॉडन चाचणीत ९० रुग्णांना यंत्र बसवलं गेलं. काहींचं चालू, काहींचं बंद. सहा महिन्यांनी चालू गटातल्या २० टक्के आणि बंद गटातल्या १७ टक्के लोकांना सुधारणा वाटली, म्हणजे फरक जवळपास नाहीच. मेडट्रॉनिकच्या रिक्लेम चाचणीतही तसंच. पण ब्रॉडनमधल्या लोकांचं यंत्र पुढे चालू ठेवलं, तेव्हा दोन वर्षांनी त्यांतल्या जवळपास निम्म्यांना बरीच सुधारणा होती. मग उपचार निकामी होता की सहा महिने अपुरे होते? की तार प्रत्येकाच्या मेंदूत थोडी वेगळ्या ठिकाणी पडली होती? तुलनागटाशिवायच्या सुधारणेतून याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही, आणि म्हणूनच ॲबटने ट्रान्सेंड ही नवी चाचणी २०२४ मध्ये सुरू केली. माझ्या मते येत्या काही वर्षांत या क्षेत्राचा आकार बदलू शकेल अशी एकच घटना असेल, तर ती हिचा निकाल. तो चांगला येईल असं गृहीत धरून आज कुणी आकडेमोड करत असेल, तर त्याने ब्रॉडनचा शोधनिबंध आधी वाचावा.

निकाल वाचताना तीन गोष्टी शोधा: बंद यंत्राचा तुलनागट होता का, मुख्य निकष चाचणीआधी ठरला होता का आणि रुग्ण किती काळ पाहिले. चाचण्यांची सरकारी नोंदवही क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह सगळ्यांना खुली आहे. निकष मध्येच बदलला असेल तर तिथे दिसतो.

आरएनएसचा दीर्घ पुरावा याच्याशी ताडून पाहा. नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात झटक्यांच्या संख्येतली मध्यक घट ७५ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे निम्म्या रुग्णांत ती याहून जास्त होती. तोही तुलनागट नसलेलाच अभ्यास, पण काळ मोठा आणि रुग्ण तेच, त्यामुळे त्याचं वजन वेगळं. अशा पुराव्याने कंपनी उद्या श्रीमंत होत नाही, पण टिकते.

पायरी ६: वर्षाला किती शस्त्रक्रिया होऊ शकतात

रुग्णांच्या संख्येला यंत्राच्या किमतीने गुणून बाजार काढणं ही नवख्यांची सगळ्यांत सामान्य चूक. मध्ये बरीच माणसं उभी असतात. न्यूरोलॉजिस्टने रुग्णाला पुढे पाठवायला हवं, डीबीएस करणारा न्यूरोसर्जन हवा, नंतर महिनोन्‌महिने यंत्राची जुळणी करणारी तुकडी हवी आणि रुग्णाने डोक्याच्या शस्त्रक्रियेला हो म्हणायला हवं. न्यूरोपेसची यंत्रं प्रामुख्याने अमेरिकेतल्या सुमारे २०० मोठ्या अपस्मार केंद्रांत बसतात. त्या केंद्रांतून किती रुग्ण जातात तेवढीच तिची धाव. म्हणून ती आता त्या केंद्रांबाहेरच्या न्यूरोलॉजिस्टांपर्यंत पोचू पाहते. २०१३ चा अर्लीस्टिम अभ्यास दाखवून गेला, की पार्किन्सन्समध्ये डीबीएस लवकर केलं तर रुग्णाचं आयुष्य अधिक सुधारतं. त्यानंतर मान्यतेची चौकट रुंदावली, पण डॉक्टरांची ‘शेवटचा उपाय’ ही सवय हळूहळूच बदलते आहे. मान्यतेपेक्षा या सवयी बदलायला जास्त वर्षं लागतात.

बॅटरीचं गणितही इथेच पाहा. न चार्ज होणारी डीबीएसची बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. मग यंत्र बदलायची छोटी शस्त्रक्रिया, म्हणजे कंपनीला खात्रीची विक्री. चार्ज होणारी यंत्रं पंधरा वर्षं जातात. रुग्णासाठी ही नि:संशय चांगली बातमी आहे, आणि ती तशीच मानावी. पण बदलाच्या विक्रीवर उभ्या कंपनीचे आकडे त्यामुळे काही वर्षं खाली येतात. न्यूरोपेसने जास्त टिकणारी बॅटरी आणली, तेव्हा बदलीतून येणारी विक्री अशीच घटली. म्हणून एकूण विक्री न पाहता नव्या रुग्णांत बसलेली यंत्रं वेगळी काढा. कंपनी तो आकडा देत नसेल, तर तिच्या तिमाही बैठकीची नोंद वाचा. कुणीतरी विश्लेषक तो प्रश्न विचारतोच.

पायरी ७: प्रतिस्पर्धी यंत्रच असेल असं नाही

कंपासाठी इन्साइटेकच्या केंद्रित अल्ट्रासाउंडला एफडीएची मान्यता २०१६ पासून आहे. कवटी न उघडता थॅलॅमसमधला ठिपका जाळतात. तार नाही, बॅटरी नाही. परिणाम मागे घेता येत नाही ही त्याची मर्यादा, पण डोक्यात तार नको म्हणणाऱ्यांना तो पटतो. पार्किन्सन्ससाठी कातडीखालून चोवीस तास औषध सोडणारा ॲबव्हीचा पंप अमेरिकेत २०२४ मध्ये आला. नैराश्यात बाहेरून चुंबकीय ठोके देणारं टीएमएस २००८ पासून आहे. एखाद्या इम्प्लांटचा अंदाज वाचताना विचारा: हाच रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय काय निवडू शकतो?

पायरी ८: पुढची वाढ कुठून येऊ शकते

मला सर्वांत भरवसा वाटतो तो स्वतःहून जुळवून घेणाऱ्या यंत्रांचा. मेडट्रॉनिकच्या पर्सेप्ट यंत्राला २०२० मध्ये मान्यता मिळाली, ते उपचार देतानाच मेंदूतले संकेत नोंदवतं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या संकेतांनुसार ठोक्यांचं प्रमाण आपोआप कमी-जास्त करण्याच्या सोयीलाही एफडीएने मान्यता दिली. हे महत्त्वाचं का, तर पायरी ६ मधली जुळणी करणाऱ्या माणसांची टंचाई यातून सैल होऊ शकते. दरी भरण्याचा हा एक खरा मार्ग आहे. दुसरी आशा अपस्मारात: जगात सुमारे ५ कोटी रुग्ण, आणि त्यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला औषधं पुरत नाहीत. नैराश्य तिसऱ्या क्रमांकावर, कारणं वर दिली. अल्झायमर्ससाठीच्या डीबीएसला मी सध्या शून्य किंमत देतो. अंधांच्या दृष्टिकेंद्राला थेट उत्तेजना देण्याचे प्रयत्न फार महत्त्वाचे आहेत, पण ते अजून गुंतवणुकीपेक्षा संशोधनाच्या जवळ आहेत.

पायरी ९: रोकड किती दिवस पुरेल, आणि कंपनी बुडाली तर रुग्णाचं काय

छोट्या कंपनीत हातातली रोकड भागिले दर तिमाहीला निव्वळ बाहेर जाणारी रोकड, हा पहिला भागाकार. दोन वर्षांपेक्षा कमी उरत असेल तर नवे शेअर निघतील आणि तुमचा हिस्सा पातळ होईल, असं धरून चाला. चांगलं यंत्र असूनही शेअर कुठे जाऊ शकतो, हे शेजारच्या क्षेत्रातल्या नेव्ह्रोने दाखवलं. मणक्याची उत्तेजक यंत्रं बनवणारी ही कंपनी २०१४ मध्ये १८ डॉलरना बाजारात आली, पुढे कित्येक पटींनी चढली आणि २०२५ मध्ये ग्लोबस मेडिकलने ती ५.८५ डॉलर प्रति शेअर या भावाने विकत घेतली.

दुसरा प्रश्न ताळेबंदात नसतो. सेकंड साइट या कंपनीने डोळ्याच्या पडद्यावर बसणारं आर्गस यंत्र साडेतीनशेहून अधिक अंध लोकांना बसवलं. २०१९ मध्ये तिने ते बंद केलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. लोकांच्या डोळ्यांत यंत्रं तशीच राहिली आणि दुरुस्तीला कुणी उरलं नाही. मेंदूतलं यंत्र माणूस दशकभर, कधी आयुष्यभर वागवतो. जिथे आपण पैसे गुंतवतो ती कंपनी या माणसांसाठी काय व्यवस्था करून ठेवते आहे, सुटे भाग, दुरुस्ती, काढण्याचा खर्च, हे विचारायचा हक्क गुंतवणूकदाराला आहे, आणि भागधारकांच्या सभेत तो वापरायला हवा. ज्या कंपनीकडे याचं उत्तर तयार असतं तिच्याबद्दल डॉक्टरांनाही विश्वास वाटतो, आणि यंत्र निवडण्यात त्यांचं मत मोठं असतं.

सुरुवात कुठून करायची असेल, तर एकच कंपनी निवडा आणि तिचा शेवटचा वार्षिक अहवाल घ्या. क्रम असा ठेवा: आधी जोखमीचा भाग, मग पैसे कोण देतं तो भाग, मग रोकड, शेवटी उत्पादनं. नंतर एफडीएच्या मॉड या खुल्या नोंदवहीत त्या यंत्राचं नाव शोधा. तुटलेली तार, संसर्ग, वेळेआधी संपलेली बॅटरी अशा तक्रारी तिथे येतात. तिथला आकडा नुसता मोजू नका, कारण जास्त विकलेल्या यंत्राच्या तक्रारीही जास्त असतात. एकाच प्रकारची तक्रार अचानक वाढते आहे का ते पाहा. मग पुढच्या तिमाहीत नव्या रुग्णांत बसलेल्या यंत्रांची संख्या आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. हे दोन-तीन तिमाह्या केल्यावरच पैसे घालण्याचा विचार करा.